आधी गाडी उभी कर

बाबा, आज तुमची नात एकटी कामावर गेली. एकटी! रुआबांधा वस्तीतल्या घरून पापडाच्या कारखान्यात, जिथं ती पाकिटं भरते. आतापर्यंत रोज मी सोबत जायची. तिले ऑटिझम आहे हे तुम्ही होते तेव्हा आपल्याले कुठं ठाऊक होतं? सगळे हट्टीच म्हणत, अन् सगळ्यात आधी मी.

तो दिवस आठवते? ती पाच वर्षांची, दारात चपला लाइनीनं लावून राहिली आहे. मले लग्नाले निघायची घाई. मी दंड धरून ओढते, ती भुईवर डोकं आपटते. तुम्ही स्टील प्लांटच्या रेल्वे यार्डातून ड्युटी करून आलेले, दिवसभर मालगाड्यांचे रूळ बदलून. डब्याची पिशवी हातातच. "चालत्या गाडीखाली रुळाचा पॉइंट बदलते का कोणी? डबे रुळावरून उतरतात, बाई. आधी गाडी उभी कर." मी फणकारली, "तुमचं यार्ड यार्डातच ठेवा!" तुम्ही पिशवी खाली ठेवली. तिच्यासमोर बसले, तळहात वर धरला, हळूहळू पाच मोजले, अन् तोच हात दाराकडे नेला. पोरगी उठली. मले वाटलं, आजोबाचे लाड, दुसरं काय!

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी डॉक्टरीणबाईनं समजावलं. एका गोष्टीवरून दुसरीवर मन वळवायले मेंदूच्या दूरदूरच्या भागांले एकमेकांशी जुळवून घ्यावं लागते. हिच्यात ती जोडणी वेगळी चालते, म्हणून वळायले वेळ लागते. हट्ट नाही तो. मी तिथंच रडली.

आज रोजचा रस्ता पाइपासाठी खोदलेला. मी लपतछपत मागं होती, तिले न सांगता. ती थांबली, डोलायले लागली, बोटं पिळायले लागली. मी धावणारच होती, तेवढ्यात तिनं आपलाच तळहात आपल्यासमोर धरला. ओठ हलले. पाच झाले तसा हात डावीकडच्या गल्लीकडे गेला, अन् मागून ती. वळली, बाबा! भर रस्त्यात मी एकटीच टाळ्या पिटल्या.

थोड्या वेळानं कारखान्यातल्या बाईंचा फोन. "दीदी, बिटिया टाइम पे आ गई! बोली, रस्ता बंद था, हाथ दिखाके घूम गई. किसने सिखाया?"

"मैंने," मी पटकन म्हणून टाकलं.

उद्या खरं सांगीन. आजच्या दिवस राहू द्या ना, बाबा.