पुस्तकांवरचं सुतक

१३ जानेवारी
पालक समितीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. होणारच. हातगाडीवर छपराचे पत्रे विकत सुरुवात केली, आज कुमासी रोडवर दोन दुकानं.
शाळेत नवीन खूळ. पोरांची परीक्षा घेऊन जो जसा वाचतो तसं पुस्तक देतात. पुस्तकावर रंगीत स्टिकर. माझी नात पोकुआ, चौथीतली, सगळ्यात खालच्या गटात. स्टिकर लाल! लाल कापड आम्ही मयताला नेसतो, आणि यांनी ते जिवंत पोरीच्या पुस्तकावर चिकटवलं. एका आठवड्यात सरळ करतो.

१५ जानेवारी
मिस डोंकोरना भेटलो. वय पंचवीस, चष्मा, आवाज हेडमास्तरचा. म्हणाल्या, पोकुआला अक्षरं येतात, शब्द जुळत नाहीत. लहान गटात रोज अर्धा तास द्या, मार्चपर्यंत वाचेल. मी म्हटलं, घरी तर पान घडाघडा म्हणते. त्या म्हणाल्या, म्हणते हो, वाचत नाही. पुस्तक उलटं धरलं तरी तेच म्हणते.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या नुसत्या आवाजावरून त्याचा खिसा ओळखतो मी. मला शिकवते!

१९ जानेवारी
उपाय सापडला. नवे स्टिकर स्वखर्चाने. खालच्या गटाला पांढरा, म्हणजे बारशाचा, आनंदाचा रंग. उरलेला लाल वरच्या गटाला. ते हुशार आहेत, त्यांना काय फरक पडतो? ठराव एकमताने. कोणी हात वर करायच्या आत बोफ्रोट वाटले. तळलेला गोळा तोंडात असला की माणूस विरोध करत नाही.

२३ जानेवारी
बोआतेन शिंपी दुकानात येऊन ओरडला. माझी पोरगी सेरवा मोठमोठी पुस्तकं वाचते, तर तिच्या पुस्तकावर सुतक? अहो अध्यक्ष, मेलं कोण ते तरी सांगा, कापड शिवायला घेतो! गिऱ्हाइकं हसली. माणसाने टाके घालावेत, तोंड घालू नये.

२६ जानेवारी
एक्केचाळीस पोरं पांढऱ्या गटात. आईबापांनीच ढकलली. सातवीतले दांडगे कोरसमध्ये ‘शेळी पाला खाते’. मिस म्हणाल्या, अध्यक्षसाहेब, एका आठवड्यात अख्खी शाळा पहिलीत नेलीत, हे आजवर कुणाला जमलं नव्हतं.
कौतुक करायला उशीर केला, पण केलं.

३० जानेवारी
पोकुआ म्हणाली, नाना, तिथे आता बाजार भरतो. माझी पाळीच येत नाही. मॅडमना माझं ऐकू येत नाही.
मग मीच शिकवणार. रोज संध्याकाळी पाच वाजता. सुरुवात व्यापारावरच्या जाड पुस्तकाने. बारक्या पुस्तकांनी पोरं बारकीच राहतात.

३१ जानेवारी
पाच वाजता सिमेंटचा ट्रक आला. उद्यापासून नक्की.

७ फेब्रुवारी
एकदा बसलो. पहिल्या ओळीला पोकुआ रडली. पुस्तकात दोष असावा.

९ फेब्रुवारी
मिसनी समितीला न विचारता सगळे स्टिकर खरवडून काढले. आता आतल्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण. पोरं पुन्हा आपापल्या गटात. पोकुआच्या शेजारी वाचायला कोण बसवली? शिंप्याची सेरवा! हेडमास्तरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, बघतो. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

२ मार्च, संध्याकाळी ५.४०
उद्या समितीची बैठक. माझा राजीनामा मागणार म्हणे. यांना अक्कल शून्य. मिस डोंकोरला शिकवता येत नाही, हे मी सिद्ध करीन. या शाळेत माझी प्रतिष्ठा

६.१०
वाक्य अर्धंच राहिलं. पोकुआ कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. खांद्यावरून बोट घालून वाचायला लागली. ‘यांना... अक्कल... शून्य.’ मी वही मिटणार होतो. पण हे तिने पाठ केलेलं असणं शक्य नव्हतं. शाई ओली होती. ‘मिस डोंकोरला शिकवता येत नाही,’ हेही वाचलं. एकेक शब्द, न चुकता.
‘प्रतिष्ठा’पाशी अडली. अक्षरं जुळवून तोही काढला. मग विचारलं, म्हणजे काय हो, नाना?
मी म्हटलं, पुढचं वाच.
पुढे काही लिहिलेलंच नव्हतं.