दहा फूट अंतर

थेरगाव,
शुक्रवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय मित्र बुद्धरत्न यास,

नंदकिशोरचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा, वहिनींची साखर आणि तुमच्या देहूरोडच्या गॅलरीतला मोगरा हे तिघेही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. मी इकडे बरा आहे (हे डॉक्टरांचं मत, माझं अजून ठरायचं आहे). रोज सकाळी मोबाइलवर गुलाबासकट सुप्रभात पाठवणाऱ्या माणसाने एकदम शाईचं पेन का उचललं, असं तुला वाटेल. त्याचं कारण या पत्रात कुठेतरी आहे. मलाही ते नीट सापडलेलं नाही. लिहिता लिहिता सापडलं तर खाली अधोरेखित करीन.

आमच्या घरात इंटरनेटचा राउटर आहे हे तुला ठाऊक आहे. तो माझ्या खोलीत होता. मागच्या खिडकीतून वायर आत घेणं सोपं, म्हणून केबलवाल्याने तो माझ्या पुस्तकांच्या कपाटावर बसवला आणि गेला. दोन कान, तीन हिरवे डोळे. मी दुपारी पडल्या पडल्या त्याच्याकडे बघायचो आणि मला आपल्या शाळेमागच्या ओढ्याकाठचे काजवे आठवायचे (ओढा आता सिमेंटच्या नळात घातला आहे, वर पार्किंग आहे). या घराच्या भिंती इतक्या जाड की राउटरचं तेज बाकी खोल्यांत जेमतेम पोचायचं. त्यात आमचा तळमजला, मागे साहेबरावांची नवी सहा मजली इमारत, त्यामुळे मोबाइलची रेंजही माझ्या खोलीपर्यंत येत नाही. म्हणून संध्याकाळी सगळे माझ्याच खोलीत. सूनबाई ऋता लॅपटॉप घेऊन, नात अनुया फोन घेऊन, आणि आमचा ज्ञानेश चाकणहून पहिली शिफ्ट करून आला की तोही पायमोजे न काढता पलंगाच्या कडेला. मी त्यांना पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणून दाखवायचो. सगळे माना खाली घालून बसलेले, अगदी तल्लीन. इतकी एकाग्रता आपल्या वर्गात मी तरी कधी पाहिली नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मला प्रारणांची बातमी लागली. बागेतल्या बाकावर कुणीतरी एक छापील कागद वाटत होतं. त्यावर 'घरातील प्रारण टाळा' असं लिहिलेलं. चष्मा घरी होता, मी 'पारणं' वाचलं, आणि एकादशी नसताना घरातलं पारणं का टाळायचं या विचारात घरी आलो. चष्मा लावल्यावर खरा प्रकार कळला. राउटरमधून म्हणे लहरी निघतात. आपल्या वेळी लहरी एकतर समुद्राच्या असत, नाहीतर तुझ्या काकांसारख्या माणसांच्या. डब्याच्या लहरी मी प्रथमच ऐकल्या. आणि हा डबा तर माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, रात्रंदिवस डोळे मिचकावत बसलेला.

तू लष्कराचे वायरलेस सेट दुरुस्त करण्यात हयात घालवलीस. म्हणून मी तुलाच विचारलं आणि तू तासाभरात भला मोठा निरोप पाठवलास. त्यातलं पहिलंच कलम डोळ्यांत भरलं: 'राउटर आणि तुझी उशी यांच्यात दहा फूट तरी अंतर द्यावे.' त्याखाली 'अधिक वाचा' असं निळ्या अक्षरात होतं. ते मी दाबत नाही. मागे एकदा दाबलं तेव्हा एका बाईंनी मला अर्धा तास विम्याबद्दल फोन केला होता.

आता गंमत अशी की 'अंतर' हा शब्द वाचून मी दोन दिवस भलतीकडेच भरकटलो. केवढा शब्द आहे बघ. अंतर म्हणजे लांबी, आणि अंतर म्हणजे अगदी आतलं, काळजातलं. एकच शब्द दूरही नेतो आणि आतही. आणि अंतर देणं म्हणजे तर टाकून देणं. आमची अरुंधती शेवटच्या दुखण्यात ऋताचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "ह्यांना अंतर देऊ नकोस गं." मी तेव्हा दाराशी औषधाची बाटली घेऊन उभा होतो. बाटलीवर काय लिहिलं होतं ते आठवत नाही, हे वाक्य आठवतं. असो. प्रारणांबद्दल सांगत होतो.

कंपनीच्या स्टोअरमधला माझा जुना टेप काढून मी खोली मोजली. दहा बाय नऊ. राउटर एका कोपऱ्यात आणि उशी समोरच्या कोपऱ्यात ठेवली तरी कपाट आणि पलंग आपापली जागा खातात, हिशेब साडेसातावर अडतो. पूर्ण दहा भरायला पलंग दाराकडे ओढला, तेव्हा माझं डोकं पॅसेजमध्ये आलं आणि पहाटे दुधाला निघालेल्या ज्ञानेशने ते जवळजवळ ओलांडलं.

मग साहेबराव आले. हे इथल्या मूळ गावातले, पूर्वी इथे त्यांचा ऊस होता, आता भाडेकरू आहेत. त्यांनी राउटरभोवती एक प्रदक्षिणा घातली. म्हणाले, "आण्णा, लहरीच ना? मंग तांब्यातनं न्हाई जायच्या त्या. आमच्या म्हातारीचा हंडा हाय, पालथा घाला वर. आन् पुसायला लागंल बरं का, चिंच लावून." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. म्हणाले, "व्हय, आता तांब्यातनं काय जातंय का? पाणी बी जात न्हाई." यावर तुला उत्तर सुचलं तर कळव. हंडा आला, चिंच लावली, राउटरवर पालथा घातला. खोलीत एकदम मंगल वाटायला लागलं. त्याच क्षणी पुढच्या खोलीत ऋता परदेशातल्या अकरा साहेबांसमोर काही महत्त्वाचं बोलत होती आणि पडद्यावर तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजली. तिच्या साहेबांनी ते चित्र जपून ठेवलंय म्हणे.

ती धावत आली. "बाबा, हंडा कशाला?"

मी म्हटलं, "लहरी आहेत."

"कोण?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी विषय वाढवला नाही. मीटिंग चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही असा नियम त्या दिवसापासून झाला, आणि मीटिंग दिवसभर चालू असते. म्हणून मी माझं म्हणणं चिठ्ठीवर लिहिलं आणि फ्रिजला चुंबकाने लावलं. चिठ्ठी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पट्टीवर होती, फार मजकूर मावला नाही, दहा फुटांचा आकडा लिहायला तर जागाच उरली नाही. पण मुद्दा स्वच्छ होता: 'चि. ज्ञानेश, चि. सौ. ऋता, राउटर माझ्या खोलीतून हलवावा. यापुढे मला अंतर द्यावे. जितके जास्त तितके बरे. — बाबा.'

काय सांगू बुद्धरत्न, त्याच संध्याकाळी अंमलबजावणी झाली. ज्ञानेशने लांब वायर आणली आणि राउटर पार पुढच्या हॉलमध्ये नेला. टेपने मोजलं तर एकतीस फूट. माझ्या मोबाइलवरच्या सगळ्या काड्या विझल्या (म्हणून हे शाईचं पत्र, बघ, कारण सापडलं, पण अधोरेखित करायला हेच का ते खात्री नाही). मात्र त्यानंतर घरात काहीतरी वेगळंच सुरू झालं आहे. माझ्या खोलीत कुणी येत नाही. चहा येतो, पण दाराशी स्टुलावर ठेवला जातो. ऋताचे डोळे दोन दिवस लाल होते, मी सर्दीचं विचारलं तर म्हणाली, "नाही बाबा, तुमचं बरोबर आहे." माझं काय बरोबर आहे ते सांगितलं नाही. परवा अनुयाने चक्क टकटक केली. आजवर ही मुलगी दार ढकलून येत आली आहे. उंबऱ्यातूनच म्हणाली, "आजोबा, मम्मी म्हणते तुम्हाला स्पेस हवीये. खरंच?" मला आनंद झाला. म्हटलं, हवीये म्हणजे काय, बाळ, लहानपणी मी आणि बुद्धरत्न गच्चीवर पडून सप्तर्षी मोजायचो. ती "ओके" म्हणाली आणि गेली. आजकालची मुलं खगोलात रस घेतात, पण फार टिकून नाही.

मग माझ्या ध्यानात आलं. ती सगळी मंडळी कवितेला नव्हे, राउटरला येत होती. राउटर गेला, सभा उठली. काल संध्याकाळी मी आपली सातवीतली खंड्या पक्ष्याची कविता कपाटाला म्हणून दाखवली. 'ओढ्याकाठी धीवर बसला निळी पांघरुन शाल', आणि नेहमीसारखा दुसऱ्या ओळीवर अडलो. तुला आठवतं ना, पुस्तकाचं ते पान खालून फाटलेलं होतं, कवीचं नाव आणि दुसरी ओळ एकदमच गेली. रोज तिथे अडलो की निदान कुणीतरी "हं" म्हणायचं. कपाट "हं" म्हणत नाही. माझ्यावर आता एकही लहर पडत नाही, आणि मला बरं वाटायला हवं.

वहिनींना नमस्कार. भेटीची ओढ आहे.

तुझा बाकसोबती,
नंदकिशोर

ता. क. मूळ विनंती लिहायची राहिली. तुझ्या सुवाच्य अक्षरात ज्ञानेशला एक वेगळं पत्र लिही, की तू या विषयावर फेरविचार केलास आणि ज्येष्ठांच्या खोलीत, उशाशी, राउटर असणं प्रकृतीला चांगलं. कारण काहीही घाल. सांध्यांना ऊब मिळते असं चालेल का? खोटं बोलायला संकोच वाटत असेल तर नुसतं 'माझ्या अनुभवाप्रमाणे' असं लिही. प्रारण काय पडायचं ते पडो.

ता. क. दुसरा, शनिवार. पत्र टाकायला निघणार तोच दारावर टकटक. ऋता, हातात चहाचे दोन कप. म्हणाली, "बाबा, तुमची स्पेस मोडते. पण या खोलीत खरंच नेट येत नाही? फोनही लागत नाही? मग पंधरा मिनिटं बसू?" सकाळपासून साहेब लोक तिला सुट्टीच्या दिवशी शोधत होते. ती बसली, पाय वर घेतले, आणि मग हळूच म्हणाली, "आईंनी मला अंतर देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही तर स्वतःच लिहून मागितलंत. मला फार लागलं ते." मी गडबडीने टेप काढून दाखवला. म्हटलं, अगं, मी फुटांमधलं म्हणत होतो. टेप बघून ती हसायला लागली ती पदराला डोळे पुसेपर्यंत (पदर नव्हता, ओढणी होती). मग तिने तुझा निरोप माझ्या मोबाइलवर उघडला आणि 'अधिक वाचा' बेधडक दाबलं. कुठल्याही बाईंचा फोन आला नाही. खाली तू लिहिलं होतंस: 'खरं तर हा मारा मर्यादेच्या फार खाली असतो, घाबरण्यासारखं काही नाही. चैनच पडत नसेल तर झोपताना बटण बंद कर.' बटणाचं कलम पहिलं टाकायला काय झालं होतं रे?

तेवढ्यात अनुया आली. तिची ऑनलाइन शिकवणी होती, दहावीची. "मॅमना सांगितलं रेंज गेली," म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली. मग म्हणे, "आजोबा, तो निळा पक्षी म्हणा ना." मी म्हटला आणि दुसऱ्या ओळीवर अडलो. ती छताकडे बघत म्हणाली, "रेंज मिळेना म्हणुनी त्याचे फुगले दोन्ही गाल." मी बोटांवर मात्रा मोजल्या. सत्तावीस. पहिल्या ओळीच्याही सत्तावीस. म्हणजे खाली मान घालून ती ऐकत होती की काय, कळत नाही. पासष्ट वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हीच ओळ असणं शक्य नाही, पण तू एकदा तुझ्या प्रतीत बघ.

ता. क. तिसरा. ज्ञानेशला वर सांगितलेलं पत्र लिहू नकोस. ते पान फाडून टाकलं असतं, पण मागच्या बाजूला वहिनींना नमस्कार आहे. त्याऐवजी उलट टपाली एवढंच कळव: माझ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात साहेबरावांच्या भाडेकरूंच्या राउटरची दीड काडी अजून येते. अनुया आताच तिकडे सरकून बसलेली मी पाहिली. त्यावर काय उपाय? हंडा परत गेला आहे, पण चिंच शिल्लक आहे.