तोफूचं औषध

सोमवार, ४ ऑगस्ट

वास ओळखला मी! अख्ख्या वर्गात फक्त मी.

बू लास्त्री, आमच्या रसायनाच्या बाई. "कार्बनला चार हात, एकही रिकामा ठेवायचा नाही" हे त्यांचं रोजचं पालुपद. आज अल्डिहाइड. त्यातलं सगळ्यात लहान म्हणजे एकच कार्बन – दोन हातांनी ऑक्सिजन धरलेला, उरलेल्या दोन हातांत एकेक हायड्रोजन. फॉर्मल्डिहाइड. पाण्यात विरघळवलं की फॉर्मालिन. प्रयोगशाळेतले मेलेले बेडूक त्यातच असतात. बाईंनी बाटलीचं बूच जरासं उघडलं, तर पोरं नाक दाबून मागे पळाली.

हा वास आमच्या तोफूच्या शेडमधला. कोपऱ्यातल्या जेरीकॅनचा. माझे वडील, बापाक, त्याला "औषध" म्हणतात. लहानपणी मी विचारलं होतं, तोफू आजारी आहे का? बापाक पोट धरधरून हसले होते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

जेरीकॅन तिथेच आहे. जवळ गेले नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मेले! पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने तोफू नाहीतर नूडल आणायचे. चिठ्ठीवर विकणाऱ्याचं नाव. त्यावर शिफच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. फॉर्मालिन असलं तर जांभळा होणार.

"आणि झाला जांभळा तर?" माझ्या मैत्रिणीने, तिवीने विचारलं. तिला नको तेच सुचतं.

"तर अन्न खात्याला कळवायचं. तुरुंग आहे त्याला."

सुटी झाल्यावर तिवी गळ्यात पडली. "मी तुझ्या बापाकचाच आणणार. मऊ असतो आणि मेला दोन-दोन दिवस टिकतो!"

दोन-दोन दिवस टिकतो. हे ती कौतुकाने म्हणाली! इथल्या उकाड्यात भात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

मी म्हटलं, विकत कशाला घेतेस, मीच आणते. का म्हटलं? तिच्या हातून जांभळा होण्यापेक्षा माझ्या हातून झालेला बरा म्हणून?

शनिवार, ९ ऑगस्ट

विचारलं एकदाचं. बापाक फडक्यातलं सोयाबीनचं दही फळीखाली दाबत होते. मान वर केली नाही.

"ते होय? फळ्यांना लावायचं. बुरशी धरते ना." मग हसले. "शीक, गलूह, शीक. डॉक्टरीण हो आणि आधी बापाकच्या गुडघ्याचं बघ."

मला विश्वास ठेवायचाय. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे – पण खातो तर आम्ही सगळेच! सकाळी तोफू, रात्री तोफू. वाईट काही असतं तर बापाकनी आम्हाला वाढलं असतं का? मला?

नाही. नसतंच वाढलं.

बुधवार, १३ ऑगस्ट

शाळेतून येताना बाजारात दुसऱ्या एका तोफूवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याचाच न्यावा, चिठ्ठीवर आमचं नाव घालावं. त्याने ओळखलं. "काय गं, बापाकने घराबाहेर काढलं की काय?" मी पळत सुटले. वर त्याचाच जांभळा निघाला असता म्हणजे!

पोट दुखतंय म्हणून उद्या घरी राहू? खरंच दुखतंय तसं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पांढरा! पांढराच राहिला!!

सकाळी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या पातेल्यातून एक तुकडा केळीच्या पानात बांधून नेला. तुटका कोपरा. अख्खे बाजारात जातात, तुटके घरात – आमच्याकडे पहिल्यापासून असंच. बू लास्त्री म्हणाल्यासुद्धा, "अख्खा नाही मिळाला का गं?" मी म्हटलं, तोफूवाल्याच्या घरी कोपरेच असतात, बू. सगळे हसले.

थेंब पडला. मी मोजायला लागले – मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन. डेकेनपर्यंत गेले, परत मिथेनपासून सुरू केलं. काही नाही. शेजारच्या टेबलावर कुणाचे तरी नूडल गडद जांभळे झाले. मी तिथेच रडले. तिवीला वाटलं, मला त्या नूडलवाल्याची कीव आली!

बू लास्त्री सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आजपासून माझ्या घरी गलूहकडचाच तोफू. बाळाला दात येतायत, त्याला मऊ लागतं."

घरी येऊन बापाकना सांगितलं. ते नळाखाली हात धूत राहिले, कितीतरी वेळ.

"सगळ्या वर्गासमोर?"

"सगळ्यांसमोर!"

डोळे भरले होते त्यांचे. मी त्यांच्यावर संशय घेतला. माझ्यासारखी नालायक मुलगी मीच.

शनिवार, १६ ऑगस्ट

बू लास्त्रींचा पुडा आजपासून रोज मी नेणार. बापाक म्हणाले, "त्यांना दुसरीकडून घ्यायला सांग ना, आपलं गिऱ्हाईक आधीच पुष्कळ आहे." मी म्हटलं, छे! आता तर मुळीच नाही. गावात मान मिळालाय आणि हे लाजतायत.

सोमवार, १८ ऑगस्ट

तिवीकडेही आता आमचाच. मी आपली मिरवतेय.

बुधवार, २० ऑगस्ट

पांढरं पातेलं रिकामं होतं, म्हणून सकाळी शेडमधल्या निळ्या बादलीतला एक तोफू उचलला. माकने फटकन हातावर मारलं. आई कधी मारत नाही.

"निळ्यातला नाही! आपला औषधाच्या आधी काढून ठेवलेला असतो, तोच –" आणि जीभ चावली.

बू लास्त्रींचा पुडा दप्तरात आहे. निळ्यातला. काल म्हणत होत्या, बाळ हल्ली दुसरं काही खातच नाही.