राळ भरलेले बांबू

१२ मे १९६३
दादाशी पुन्हा वाजलं! रजेवर घरी यावं आणि हे ऐकावं. निमित्त — आमच्या विमानदुरुस्तीच्या कारखान्यातून आणलेला भंगाराचा तुकडा. पातळ पत्र्याची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी, नुसती घरंच घरं. कौलावर उभी ठेवून वर हातोडा घातला. जाळी आधी हटून बसली, मग वरून चुण्या पडत पडत खाली बसली. मार सगळा तिनं खाल्ला, कौल शाबूत! राहीवहिनी खूश. गुणाजीदादा म्हणाला, "मोडून दावलंस. आता जोडून दाव."

१९ मे
दाखवलं जोडून! दादा आगरदांड्याहून दिघीला उतारू नेतो, लाट असली की मचवा धक्क्यावर आदळतोच. म्हणून आखूड पोकळ बांबू एकमेकांना चिकटून बांधले, तोंडं पुढे केली आणि मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, ढाल बसवली. आदळला की बांबू चिरडतील, माणसं वाचतील.

दादा म्हणतो, "भोकं ठेवून कोन मचवा पान्यात घालतो रं? लोक हसतील." समजावून सांगायचं सोडून मीच फणकारलो — तुला नाही कळायचं ते!

२० मे
न बोलताच मुंबईला निघालो.

५ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
मचवा रंगवून तयार. आणि माझी ढाल! एकेक बांबू कापूस आणि राळेनं ठासून भरलेला, वरून तेलाचा हात. वहिनी हळूच म्हणाली, "सगळा पावसाळा भरीत बसले व्हते, भावजी. म्हनले, धाकट्याचं काम हाय, कुजाला नको."

अरे देवा! भरलेला बांबू चिरडणार कसा? चुणीला जागाच नाही. दगड झाला त्याचा. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात दादानं नारळ माझ्या हातात दिला. "औंदा तू सोड." आजवर कधी दिला नव्हता. उद्या सांगेन.

७ ऑगस्ट
सांगितलं नाही. मुंबईला परत.

२८ ऑगस्ट, अलिबाग
तार मिळताच इस्पितळात आलो. उधाणात मचवा धक्क्यावर आपटला. ढाल तसूभर दबली नाही, सगळा हिसका माणसांना बसला. दादा दोर घेऊन नाळेवर उभा होता, तो धक्क्याच्या दगडांवर फेकला गेला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

का नाही बोललो मी? एका वाक्याचं तर काम होतं! त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो, आणि आता हे.

३० ऑगस्ट
आज सांगायचंच म्हणून खाटेशी बसलो. त्यानंच माझा हात धरला. "धर्मा, भोकं बुजवली म्हनून वाचलो बघ. न्हायतर तुझ्या ढालीचा चुरा झाला असता."

"व्हय दादा," म्हटलं.

१७ नोव्हेंबर
नवी ढाल बसवली. बांबूंची तोंडं नुसती वरून राळेनं लिंपली, आत पोकळ. दादाला सांगितलं — भरलेत सगळे.

त्यानं कुबडीनं ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. पुन्हा ठोकलं. मग आपल्या कापलेल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "अशीच ऱ्हाऊ दे."