प्रार्थनेसाठी दाखवलेला व्हिडिओ

रविवार रात्र, सुदामा नगर

आज बायकांची प्रार्थनासभा आमच्याकडे होती. विषय काय, तर मनात शुद्ध विचार कसे बाळगावेत. शीलाजी छान बोलल्या, आमेन झालं, आणि पोह्यांच्या प्लेटा हातात येताच त्यांनीच मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यात आमच्या चर्चमध्ये गाणारी रूथ. नवरा तिला घराबाहेर ढकलतोय, ओढणी रस्त्यात पडलेली. सगळ्या वाकून बघत होत्या. "फिर से लगाओ ना," कुणीतरी म्हणालं.

"बंद करा ते!" मी ओरडलेच.

"अगं, प्रार्थनेसाठीच तर दाखवतेय," शीलाजी म्हणाल्या.

प्रार्थनेसाठी! शी! मी प्लेटा उचलायला लागले, तेव्हा कुठे सगळ्या निघाल्या. मग डोळे मिटून बसले, तर समोर तीच ओढणी. शुद्ध विचार असे नुसते बसून येतात का? त्या पोरीजवळ आता आहे तरी कोण? शेवटी रूथला फोन लावला.

"काकू, तुम्हीपण पाहिलं?"

"हो गं."

ती रडत राहिली. मग म्हणाली, "मी जाऊ कुठे?"

"इथे ये."

रूथ आलीय, आत्ताच जेवून झोपलीय. शीलाजींचा मेसेज आलाय, 'रूथचं काही कळलं का?' उत्तर दिलं नाही. देणारही नाही.