मागच्या दिव्यातली ओल

५ तारीख, सोमवार. सकाळचे सात.

प्रिय खारूताई,

तू बरी आहेस ना, एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. वसतिगृहात सिस्टर शिकवायच्या तशीच सुरुवात केली मी, आधी समोरच्याची खुशाली, मग आपली. रविवारी अभ्यासाच्या खोलीत बसून आपण आईला पत्रं लिहायचो, आठवतं? मी लिहायचे, ‘आम्ही दोघी मजेत आहोत.’ तू लिहायचीस, ‘ताई काल उशीत तोंड खुपसून रडली आणि इथलं सूप मला आवडत नाही.’ सिस्टरांनी पत्र पुन्हा लिहायला लावलं तरी तू तेच लिहिलंस, फक्त अक्षर चांगलं काढलंस.

चार वर्षांनी लिहिते आहे, हात अवघडलाय. आधी आमची खबरबात देते. तुझ्या भावोजींच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, त्यामुळे गाडी आता मीच चालवते. ते शेजारी बसून पायाने ब्रेक दाबत राहतात, त्यांच्या बाजूला ब्रेक नसला तरी.

आणि गाडीच्या मागच्या उजव्या दिव्यात पाणी धरलंय. लाल काचेला आतून धुकं येतं, थेंब ओघळतात, तळाशी बोटभर पाणी साचतं. ब्रेक दाबला तरी बाहेरून नुसता लालसर डाग दिसतो. शेजारच्या बाई परवा माझ्या मागेच होत्या. म्हणाल्या, “तुम्ही थांबलात ते मला कळलंच नाही, थोडक्यात वाचलात.” असल्या दिव्यानिशी लांब जायचं कसं? मी भावोजींना सांगून टाकलं, दिवा नीट झाल्याशिवाय मी मोठ्या रस्त्याला गाडी घालणार नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “दिवा झाला की मग टायर बघू. टायर झाले की आरसे.”

मी लक्ष दिलं नाही.

लांब म्हणजे तुझ्याकडे. तुझ्या लेकाचा फोन आला होता. त्याला रागावू नकोस, बिचारा पहिली दोन मिनिटं हवापाण्याचंच बोलत होता. पंधरा तारखेला तुझं गाठीचं ऑपरेशन आहे आणि मावशीला कळता कामा नये असं तू बजावलंयस, हे त्याने एका दमात सांगितलं. कळता कामा नये! हे तू माझ्याकडूनच शिकलीस, दुसऱ्या कुणाकडून शिकणार?

त्याआधी मला तुझ्याजवळ यायचंय. येऊ का?

८ तारीख, गुरुवार. दुपार.

पत्र अजून टाकलेलं नाही. तीन दिवस त्या दिव्याच्या मागे आहे.

डिकीतून हात घालून बल्बचा होल्डर काढला आणि त्या भोकातून हेअर ड्रायरने गरम हवा सोडली. तासाभरात काच लख्ख झाली. मग मी न्हाणीघराच्या बेसिनभोवती लावतात ते सिलिकॉन आणलं आणि दिवा काढून जिथे जिथे फट दिसली तिथे भरलं. कडा, सांधे, मागच्या बाजूची दोन बारीक भोकं, काही सोडलं नाही. भावोजी खुर्ची टाकून बघत होते. तू त्यांना शिकवलेलं नाव काही ते विसरत नाहीत.

“मॉनिटर, थोडं दाराच्या फटीतही भरा. वाराही नको घरात.”

“तुम्ही गुडघे शेका.”

आज सकाळी बघते तर आधीपेक्षा दाट धुकं. कुठून येतं कुणास ठाऊक. मी दर तासाला खाली जाऊन बघून येते. बॅग भरली, पुन्हा उपसली. गरम कपडे घ्यावेत का, तुझ्याकडे थंडी असते का या दिवसांत, एवढंही मला आता माहीत नाही.

खरं म्हणजे आज आईबद्दल लिहायला बसले होते. थांब, एकदा दिवा बघून येते.

१२ तारीख, सोमवार. मिस्त्रीच्या गॅरेजमधून.

बघ, चार दिवस गेले. शेवटी आज गाडी इथे आणली. मिस्त्री वयाने आपल्याएवढाच आहे, चष्मा कपाळावर ठेवून शोधत फिरतो. दिवा काढून त्याने उलटासुलटा केला.

“मासे पाळायचे होते का यात?”

मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

“हे सिलिकॉन कुठल्या गॅरेजवाल्याने थापलं?”

“एका बाईंनी,” मी म्हटलं.

“त्या बाईंना सांगा, ही दोन भोकं कंपनीनेच ठेवलेली असतात. बल्ब तापला की आतली हवा फुगते, इथून बाहेर पडते. ओल तिच्याबरोबर जाते. पाणी शिरत होतं ते बल्बच्या रबरी रिंगमधून, ती पार चिरलीय. तुम्ही... त्या बाईंनी रिंग तेवढी सोडून बाकी सगळं बंद केलं. मग ओल जाणार कुठून?”

त्याने ब्लेडने सिलिकॉन खरवडलं, तारेने भोकं मोकळी केली आणि बल्ब काढून दिवा उन्हात ठेवला. दोन तास लागतील म्हणाला. मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. इथे उठून बघायला जाण्यासारखं काही नाही, दिवा समोरच आहे. तेव्हा लिहिते.

तुला मी सांगितलं होतं की आई अचानक गेली, तुला फोन करायला वेळच मिळाला नाही. तसं नव्हतं.

डॉक्टरांनी आपल्या दोघींना आत बोलावून सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस की आईला सांगू या. मी म्हटलं, ती खचेल. तुझा चेहरा काही लपत नाही, तू घरी जा, वेळ आली की मी कळवते. तू माझं ऐकून गेलीस. नेहमीसारखं.

त्यानंतर आई नऊ दिवस होती, खारू. पाचव्या दिवशी म्हणाली, “धाकटीला बोलाव. ती मला खरं सांगेल.” मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाहीये. सहाव्या दिवशी पुन्हा तेच. सातव्या दिवशी सकाळी तिने विचारलं, “मिळाली का गं सुट्टी तिला?” मी बाहेर जाऊन तुझा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. तू आली असतीस तर आईने तुला विचारलं असतं, तू सांगितलं असतंस, आणि मी इतके दिवस तिच्याशी जे बोलत होते ते सगळं खोटं ठरलं असतं.

आठव्या दिवशी तिने विचारलं नाही.

तुला सुट्टी मिळाली नाही असं समजून आई गेली. तू भांडताना म्हणालीस, “तू मला आईच्या मरणातून हाकलून दिलंस,” तेव्हा मी केवढी चिडले. तुला अर्धंच माहीत होतं, आणि तेवढंही पुरेसं होतं.

भावोजींना काल रात्री सांगितलं. त्यांनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी काढून ठेवली. मग म्हणाले, “ऑपरेशन होऊ दे तिचं. मग सांग.”

मलाही तेच बरं वाटलं. म्हणूनच आत्ता लिहिते आहे. मग सांगू म्हणणारी मीच होते.

१३ तारीख, मंगळवार. सकाळी.

दिवा कोरडा आहे. आता टपालाने हे वेळेत पोचायचं नाही, म्हणून मीच घेऊन निघते आहे. भावोजी येतो म्हणत होते, पण ते असले की मी त्यांच्या आड उभी राहते. एकटीच येते.

हे पाकीट तुझ्या लेकाच्या हातात देईन आणि खाली गाडीत बसेन. वाचून मला वर बोलवावंसं वाटलं नाही, तर त्याच्याकरवी तसं सांगून पाठव. मी तशीच परत फिरेन, कारण विचारणार नाही. तुझ्याजवळ कोणी बसायचं आणि कोणी नाही, हे या वेळी तू ठरव.

मला माहीत आहे, तू एकेक ओळ दोनदा वाचतेस. तशीच वाच. मला कसलीही घाई नाही.

खाली आहे.

ताई