डावखुरी किनार

मी, खाली डाव्या हाताने सही करणारी, केक सजवण्याचा धंदा करणारी, पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह उत्तम आहे आणि हात अजून थरथरत नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, कारण तेवढी हिंमत या घरात कोणाची नाही. डॉक्टरांनी मला तपासून तसे प्रमाणपत्र दिले आहे. तपासताना त्यांनी लिंबाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, तेव्हा त्यांचीही बुद्धी शाबूत आहे असे मी प्रमाणित करते.

यापूर्वी एक मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. त्यात सगळे मुलाच्या नावावर होते आणि मुलगी व सून या दोघींच्या वाट्याला फक्त उपदेश होता. ते रद्द समजावे.

मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं हो."

मी म्हटले, "मग कशात बोलायचं? नंतर मला कोण विचारणार आहे?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावले, म्हणून पुढचे सगळे जसेच्या तसे आहे.

कलम १. घर

दुकानावरच्या खोल्या माझ्या मुलाला मिळाव्यात. तो कचेरीत नोकरी करतो. क्रीम आणि चुना यांतला फरक त्याला खाल्ल्यावरच कळतो, पण स्वभावाने सोने आहे. केकच्या कापून टाकलेल्या कडा लहानपणापासून त्यानेच संपवल्या आणि आजवर एकदाही तक्रार केली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

मात्र सज्जाकडची खोली त्याच्या थोरल्या बहिणीची आहे आणि ती असेपर्यंत तिचीच राहील. तिने लग्न केले नाही ते तिच्या मर्जीने. ज्यांना त्यावर अजून बोलायचे आहे त्यांनी माझ्यामागे खुशाल बोलावे, पण त्या दिवशी त्यांना केक देऊ नये.

कलम २. धंदा कसा उभा राहिला

हे कलम कायद्याला लागत नाही, पण मला लागते.

शाळेत आमच्या चित्रकलेच्या बाई माझा डावा हात ओढणीने बाकाला बांधून ठेवत. बाई आता हयात नसाव्यात. असल्या तर त्यांना कळवावे की घर, दुकान आणि दोन मुलांची शिक्षणे त्याच हाताने केली.

लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे फक्त पाव विकत. यजमान भट्टी सांभाळत, मी गल्ल्यावर बसे. मग रस्त्यापलीकडे केकचे दुकान उघडले. त्याचे मालक, ज्यांना मी आजतागायत 'समोरचे' म्हणते, दर्शनी काचेमागे टेबल टाकून तिथेच केक सजवत. मी भाजीची पिशवी घेऊन काचेबाहेर उभी राही. ते आतून उजव्या हाताने कापडी पिशवी दाबत आणि केकच्या कडेने क्रीमचे शिंपले उमटत जात. माझा डावा हात पदराआड आपोआप तसाच हले. समोरासमोर उभे राहून शिकायचे तर डावखुऱ्याइतके सोपे कोणालाच नाही. आरशात बघून वेणी घालावी तसे ते होते. घरी भाजी नेहमी उशिरा पोहोचे आणि यजमान म्हणत, "आज काय, क्रीमचे गुलाब शिजवलेस?"

पुढे मी आमच्या खिडकीत पहिला केक मांडला. समोरचे रस्ता ओलांडून आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाकले आणि म्हणाले, "ही किनार माझी आहे."

"नीट बघा," मी म्हटले. "तुमची उजवीकडे वळते. ही डावीकडे."

"मग माझी नाही म्हणायची."

"तुमचीच आहे. पलीकडून बघितलेली."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पण पुढच्या सोमवारी त्यांच्या खिडकीत क्रीमची अशी जाळी होती की माझी झोप उडाली. आठवडाभर खपून मी जाळीवर वेल चढवला. त्याच्या पुढच्या सोमवारी त्यांनी वेलावर पक्षी बसवला. तेव्हापासून दर सोमवारी दोन्ही खिडक्या बदलतात. बोलणे असे आमचे फारसे कधी झाले नाही, पण मला माझ्या कामात वरचढ होण्याची खोड लावली ती या माणसाने. यजमान गेले त्या आठवड्यात मी खिडकी बदलली नाही, तर त्यांनीही बदलली नाही. ते मी विसरलेले नाही.

कलम ३. भांडण

आता मुख्य दुखण्याकडे येते.

माझी मुलगी केकचे थर रचते आणि वर अक्षरे लिहिते. घरात तिला 'फूटपट्टी' म्हणतात. गवंड्याची पाणसळ केकवर ठेवून तो सपाट आहे की नाही हे बघणारी दुसरी बाई मला माहीत नाही. माझी सून फुले करते. तिच्या साखरेच्या मोगऱ्याला एका वधूच्या आजींनी नाक लावून वास घेतला होता आणि 'छान आहे' असेही म्हणाल्या होत्या. मुलीला फूल येत नाही, तिचा गुलाब कोबीसारखा होतो. सुनेला थर येत नाहीत, तिच्या हातचा केक दुपारपर्यंत एका बाजूला कलंडतो. दोघी मिळून मात्र माझ्याहून सरस आहेत. हे त्यांना तोंडावर सांगितले नाही, कारण डोक्यावर चढल्या असत्या.

खिडकीतला केक खरा नसतो हे सांगायला हवे. तो थर्माकोलचा असतो आणि त्यावर खरे क्रीम फासतात. तीन वर्षांपूर्वी लग्नाचा एक तीन थरांचा केक इतका देखणा झाला की त्याची जुळी प्रत खिडकीसाठी करायचे ठरले. सुनेने दोन्हींवर पाकळीला पाकळी जुळेल अशी फुले केली. मुलीने, दार आपटले तरी प्रत कलंडू नये म्हणून, तिच्या तळाशी फरशीचा तुकडा चिकटवला. त्यामुळे वजनही जुळले. आणि दोघींनी मिळून, जपून, एकमेकींना 'हळू, हळू' म्हणत, थर्माकोलचा केक गाडीत चढवून लग्नाला पाठवला.

खरा केक खिडकीत राहिला. तो ओळखला समोरच्यांनी. ते धावत रस्ता ओलांडून आले. "बाई, तुमच्या खिडकीच्या चौकटीवर मुंग्यांची रांग लागलीय. थर्माकोलला मुंग्या लागत नाहीत." मुंग्या केकपर्यंत पोहोचायच्या आत आम्ही तो उचलला आणि त्यांच्याच गाडीतून निघालो. तरी पोहोचेपर्यंत नवरदेवाने सुरी चालवली होती. पहिल्यांदा कर्रर्र असा आवाज झाला. त्याला वाटले केक फार थंड आहे, म्हणून त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. नवरीच्या केसांत पांढरे दाणे उडाले. मंडळी जी हसत सुटली ती खरा केक कापेपर्यंत. त्या घरातले लोक अजून आमच्याकडूनच केक करून घेतात आणि दर वेळी विचारतात, "हा खायचा आहे ना?"

ते हसले, पण माझ्या घरातले हसू तिथेच संपले.

"फुलं इतकी हुबेहूब केलीस, मला कळणार कसं?" मुलगी म्हणाली.

"तुम्ही खाली फरशी चिकटवलीत. नाहीतर उचलतानाच कळलं असतं," सून म्हणाली.

मी दोन्ही वाक्ये अनेकदा मनात घोळवली आहेत. जगात कोणी कोणाला याहून मोठी शाबासकी दिली नसेल. ही चूक करायला दोन उत्तम कारागीर लागतात, एकीला एकटीने जमली नसती. पण त्या दोघींनी ती शिवी म्हणून ऐकली आणि तेव्हापासून एकमेकींशी बोलत नाहीत. एकाच टेबलाशी उभ्या राहून माझ्यामार्फत बोलतात.

"आई, त्यांना सांगा, दुसरा थर तिरका आहे."

"आई, तिला सांग, तिची मान तिरकी आहे."

मी मध्ये टपाल वाटत बसते. मला मरणाची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती मी गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळची, की त्या टेबलाशी दोघी उभ्या आहेत, केक अर्धा झाला आहे आणि निरोप न्यायला कोणी नाही. दुकान त्या एका सकाळीत बंद पडेल. दुकानाचे एक वेळ जाऊ द्या, पण दोघी माझ्या आहेत आणि दोघी एकट्या पडतील, हे मला सहन होत नाही.

कलम ४. दुकान व हत्यारे

दुकान मुलगी आणि सून यांना समसमान मिळावे. एकीच्या संमतीशिवाय दुसरीने ते विकू नये, भाड्याने देऊ नये किंवा रुसून बंद ठेवू नये.

क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या माझ्या सगळ्या नोझल, फुले वळायच्या सळया, पाकळ्यांचे साचे आणि रंगांच्या बाटल्या मी मुलीला देते.

पाणसळ, फूटपट्टी, थरांखाली आधाराला घालायच्या काड्या आणि लांब पात्याची सुरी मी सुनेला देते.

म्हातारीने नावांची अदलाबदल केली असे ज्यांना वाटेल त्यांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुन्हा वाचावे. वस्तू एकमेकींना विकता किंवा बक्षीस देता येणार नाहीत. उसनी मात्र देता येईल, पण त्यासाठी स्वतःच्या तोंडाने मागावे लागेल. निरोप चालणार नाही.

केक ठेवायचा फिरता पाट दोघींचा. एकीने फिरवायचा, दुसरीने काढायचे.

खिडकी दर सोमवारी बदलावी. समोरच्यांची आधी बघावी, मग आपली ठरवावी.

कलम ५. शिल्लक व एक जुना हिशेब

बँकेत जे असेल ते मुलगा, मुलगी आणि सून या तिघांत सारखे वाटावे.

माझे थोरले दीर एकदा भर पंगतीत म्हणाले होते, "केकवर फुलं काढून कुठं घर चालतं?" त्यांना काचेच्या घुमटाखालचा माझा साखरेचा गुलाब द्यावा आणि सोबत निरोप द्यावा की घर चालले. भाऊजींना गोड वर्ज्य आहे हे मला माहीत आहे.

कलम ६. समोरचे

यांना मी काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, नाहीतर पुढे भानगड होते. साक्षीदार मला तेच हवे आहेत, तेव्हा त्यांचा नाइलाज आहे. आमची खिडकी फुकट बघण्याची त्यांची वहिवाट मात्र चालू राहील.

कलम ७. शेवटचा केक

मी गेल्यावर माणसे जमतील त्या दिवशी केक आपल्याच दुकानचा असावा. थर मुलीचे, फुले सुनेची. किनार डावखुरी काढायचा प्रयत्न कोणी करू नये, फसेल. वर काय लिहायचे ते दोघींनी आपापसात ठरवावे. वाढण्यापूर्वी सुरी घालून केक खरा असल्याची खात्री करून घ्यावी.

पुरवणी, सहीच्या दिवशी जोडलेली

सहीसाठी समोरचे आज ठरल्या वेळी आले ते हातात खोका घेऊन. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानातली वस्तू प्रथमच माझ्या उंबऱ्याच्या आत आली. डॉक्टर खोक्याकडे बघून लगेच खुर्ची ओढून बसले. खोका उघडला. आत पांढराशुभ्र छोटा केक होता, त्यावर दुसरे काही नव्हते, फक्त कडेने किनार.

मुलगी आणि सून दोन बाजूंनी वाकल्या.

"किनार बघितलीस?" मुलगी म्हणाली.

"डावीकडे वळलीय, ताई. आईंची आहे."

"आईची काढायला गेलेत. इथं बघ, हात अडकलाय."

"आणि इथं पुसून परत काढलीय. तुम्ही पाट धरा, मी दाखवते."

"धरते. थांब, आधी सपाट आहे का बघू दे."

मी दोघींच्या मधोमध, निरोपाच्या तयारीत, तोंड उघडून उभी होते. माझ्याकडे कोणी बघितलेही नाही. असा अपमान माझ्या आयुष्यात झाला नव्हता आणि इतके सुखही झाले नव्हते.

समोरच्यांना मी हळूच विचारले, "हात थरथरायला लागला का तुमचा?"

ते म्हणाले, "उजव्या हातानं डावखुरी किनार काढून बघा एकदा. जन्मभर समोरून बघतोय, म्हटलं आपणही शिकावी."

त्या दोघी बोलू लागल्या म्हणून वरील कोणतेही कलम बदललेले नाही. उद्या पुन्हा रुसतील, मला दोघी ठाऊक आहेत. पण शेवटच्या केकवर डावखुरी किनार कोणी काढू नये, हे कलम ७ मधले वाक्य मी खोडते आणि खोडाखोडीवर माझी सही करते. काढणारा सापडला आहे. अजून सरावाची गरज आहे, म्हणून त्याला वेळ मिळावा यासाठी मी इतक्यात मरणार नाही.

स्थळ: दुकानामागची खोली, मोठे टेबल.
दिनांक: सोमवार, दोन्ही खिडक्या बदलून झाल्यावर.

लिहून ठेवणार: केकवाल्या मावशी (सही, डाव्या हाताने)

आम्हां दोघांसमक्ष मावशींनी वरील सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉक्टर (सही, कागदावर क्रीमचा डाग पडला आहे, तो माझा)

साक्षीदार २: समोरचे (सही, उजव्या हाताने. किनार पुढच्या सोमवारपर्यंत सुधारून दाखवतो.)